मिठात उकळलेली घोंगडी

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी सासूबाईंची काळी घोंगडी मीठ घालून उकळली. रंग जाऊ नये म्हणून. नातवंडांना सांगते तेव्हा ती लोळून हसतात, पण पदर खोचून स्टोपुढे उभी असलेली तेव्हाची ती शहाणी फार गंभीर होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. द्वारकेच्या चौकामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. लग्न माझ्या पसंतीचं, जातीबाहेर, म्हणून माहेर बंद. थोरला भाऊ देवळालीला इंग्रजी शाळेत शिकलेला. मी घर सोडून निघताना म्हणाला, "इंग्रजीत म्हणतात, प्रत्येक घराण्यात एक काळी मेंढी निघते. आपल्यात तू निघालीस."

म्हणजे आता सासर तरी टिकवायला हवं. सासूबाई सिन्नरकडच्या, बोलणं मोजकं. मला अजून धड हाकही मारत नसत. त्या मनमाडला लेकीकडे गेल्या तेव्हा ठरवलं, त्यांची घोंगडी धुऊन ठेवू, खूश होतील.

नव्या लुगड्याचा रंग पक्का व्हावा म्हणून आई ते मिठाच्या पाण्यात भिजवायची. मग एवढ्या काळ्याभोर घोंगडीला नुसतं भिजवून कसं भागेल? मोठं पातेलं चढवलं, मूठभर मीठ, वर धुण्याचा सोडा. तेव्हा द्वारकेवरून मेंढ्यांचे कळप जायचे, टांगे खोळंबायचे, ओल्या लोकरीचा वास गल्लीपर्यंत यायचा. तो वास आता कुठे येत नाही, आठवला की बरं वाटतं. रोज दारातून काळ्या मेंढ्या बघणारी मी, घोंगडी कशाची ते मात्र डोक्यात शिरलं नाही. पाण्यात रंग उतरेना, तशी माझी मान ताठ. मिठाचा गुण, म्हटलं.

वाळल्यावर घोंगडी पाटावर घालण्याएवढी उरली. उभी केली तर उभी राहिली.

परत आल्यावर सासूबाईंनी ती चाचपली. मी सगळं सांगितलं.

"अगं, रंग लावलेलाच नाय तर जाईल कुठं? मेंढीच काळी. पावसात भिजून पांढरी होती का ती?"

मला रडू फुटलं. भावाचं बोलणंही तोंडून निघून गेलं. म्हटलं, "आत्याबाई, दादा खरंच बोलला. आता तुम्हीही घालवून द्या."

त्यांनी ती आकसलेली घोंगडी पाटावर टाकली, तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या भावानं कळप पाह्यलाय का कधी? आमच्याकडं समदा कळप काळाच असतो, पोरी. पांढरी निघाली तर तिला बाजार दाखवत्यात. ऊठ, चहा टाक. अन् साखरेचा डबा कोणता, मिठाचा कोणता, तेवढं बघून घाल."