बघणाऱ्यांच्या यादीतला दादा

मीटरकाकांनी तीस वर्षं घरोघरचे पाण्याचे मीटर वाचले. कुणाच्या जिन्याखाली काय अडगळ, कोण एकटं राहतं, सगळं त्यांना पाठ. त्यामुळे उन्हाच्या लाटेसाठी वस्तीची यादी करायची ठरली, तेव्हा ते काम आपसूक त्यांच्याच गळ्यात पडलं.

यादी साधी होती. डावीकडे म्हातारी, आजारी, एकटी माणसं. उजवीकडे त्यांना रोज दुपारी बघून यायचं कबूल केलेले लोक. पाणी पाजायचं, गरज पडली तर शाळेच्या थंड हॉलमध्ये आणायचं.

डावीकडे यायला मात्र कुणी राजी नव्हतं. एक आजी म्हणाल्या, मी निकामी झाल्याचा आता सुनेला लेखी पुरावाच मिळाला म्हणायचा. अशा पंधराजणांची काकांनी समजूत घातली. जीभ अडली ती एकाच दारात, सख्ख्या थोरल्या भावाच्या.

दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. जन्मभर बस चालवलेला, आता गुडघ्यांनीच हात टेकलेले. गच्चीवर पत्र्याची खोली, एकटा जीव. काकांनी कागद काढला तसा तो म्हणाला, "तुझं नाक पुसलंय मी. आता माझ्यावर पहारा बसवतोस?"

काका उभ्या आयुष्यात त्याच्या शब्दाबाहेर गेले नव्हते. त्यांनी मान खाली घातली आणि त्याचं नाव उजवीकडे लिहिलं. समोरच्या शिवणवाल्या बाई त्याच्या वाट्याला दिल्या. गल्ली ओलांडली की घर. आपण येता-जाता डोकावू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दादाची कळी खुलली.

लाट आली आणि दुसऱ्या तासाला वीज गेली. पहिल्या दिवशी काका डोकावले, तर दादानं त्यांना दारातूनच पिटाळलं. मी ड्युटीवर आहे, म्हणाला. दुसऱ्या दिवशी काकांच्या वाट्याला बारा घरं होती. गल्लीतून वर पाहिलं, तर खिडकी बंद. बाईंकडे गेला असेल, असं म्हणून ते पुढे गेले.

तिसऱ्या दुपारी सातवं घर उरकून ते शिवणवाल्या बाईंच्या दारावरून चालले होते. बाईंनी हाक मारली. दादा परवा येऊन थट्टा करून गेले, काल काही फिरकले नाहीत; जास्त अडलेल्याकडे गेले असतील असं वाटलं, म्हणाल्या.

दादाच्या गच्चीपर्यंतचे तिन्ही मजले काका न थांबता चढले.

दादा खाटेच्या कडेला बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, एका पायात बूट, दुसरा हातात. कातडी कोरडी, तव्यासारखी तापलेली. नळाला थेंब नव्हता. लोकांसाठी आणलेलं बाटलीतलं पाणी काकांनी त्याच्या डोक्यावर ओतलं, ओठांना लावलं. ते हनुवटीवरून ओघळलं. रुग्णवाहिकेला फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, तुमच्या पुढे सत्तावीसजण आहेत.

"बाईंकडे जायचं राहिलंय," दादा पुटपुटला.

"मी आत्ताच बघून आलो, दादा. बऱ्या आहेत."

त्याच्या हातातला बूट गळून पडला, आणि थोड्या वेळानं श्वासही थांबला. गाडी आली ती ऊन कलल्यावर, आणि रिकामीच परत गेली.

काकांची पाच घरं राहिली होती. हॉलवरून फोन येत होते, त्या पाचजणांचं काय झालं म्हणून. काका खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिले. त्यांनी फोन उचलला नाही, आणि ते उठलेही नाहीत.