हिरवं येईपर्यंत

माझ्या चार वर्षांच्या नातीचे डोळे, मशीन तिला पास करेपर्यंत, मी पुन्हा पुन्हा तपासायला लावले.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बालवाडीतल्या मुलांसाठी नेत्रतपासणीचं शिबिर होतं. सून ऑफिसला, बायकोचे गुडघे धरलेले, म्हणून नातीला मी नेलं. निघताना सून म्हणाली होती, "बाबा, ती टीव्ही बघताना मान तिरकी करते, तेवढं सांगा हं." मी सांगितलं नाही. मान काय, मीही तिरकी करतो, शेजाऱ्याच्या पेपरात बघताना.

मशीन म्हणजे जाडजूड कॅमेराच. एक तरुण मुलगी तो मुलांसमोर धरायची. त्यातून पाखरासारखा आवाज यायचा, दिवे लुकलुकायचे, मूल तिकडे बघायचं आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांचं माप निघायचं. नातीच्या वेळी लाल अक्षरं आली : डॉक्टरांना दाखवा.

आता, आमच्या घरात ब्लडप्रेशर मोजायची एक पद्धत आहे. आकडा जास्त आला की जरा बसायचं, पाणी प्यायचं, परत मोजायचं. सगळ्यात कमी येईल तो आकडा डॉक्टरांना सांगायचा. तीच मी इथे लावली.

"हिचं लक्ष नव्हतं. परत घ्या."

परत लाल.

"खिडकीतून उजेड येतोय," म्हणत मीच उठून पडदे ओढले. तरी लाल.

"काका, मशीन चुकू शकतं. पण डॉक्टरांना दाखवायला काय जातंय?" मुलगी म्हणाली.

"चुकू शकतं ना? मग घ्या की अजून एकदा!"

मागे रांगेतल्या आया चुळबुळायला लागल्या होत्या. यावेळी हिरवं आलं. मी ताबडतोब त्याची चिठ्ठी छापून घेतली आणि आधीच्या लालबद्दल घरी अवाक्षर काढलं नाही.

मान मात्र तिरकीच राहिली. काही महिन्यांनी सून रजा टाकून नातीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. हिरवी चिठ्ठी खिशात घालून मीही गेलो, नातीचा वकील असल्यासारखा. बाईंनी थेंब टाकले, थांबायला लावलं, मग तपासलं.

"एका डोळ्याला बराच प्लस नंबर आहे. लहान मुलं डोळ्याला ताण देऊन असा नंबर लपवतात, कधी मशीनलाही चकवतात. थेंबांनी तो ताण सुटतो." मी पुढे केलेली चिठ्ठी त्यांनी उलटसुलट केली. "तपासणी एकदाच झाली होती?"

सून माझ्याकडे बघायला लागली.

"तशी... चारदा," मी म्हणालो.

"आणि ही कितवी?"

"शेवटची."

त्यानंतर बाई फक्त सुनेशी बोलल्या. कमजोर डोळा वापरात नसला की मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. या वयात त्याला परत कामाला लावता येतं, पण जितकं लवकर तितकं बरं. चष्मा कायम, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी.

घरी आल्या आल्या सुनेनं सासूला सगळं सांगून टाकलं. बायको मालवणची, चिडली की तिला शहरी मराठी आठवत नाही. नात रडत पट्टी ओरबाडत होती आणि तिचे हात धरून ठेवायची बायकोची धडपड चालली होती.

"या मशीनांचा काही भरवसा नाही बघ," मी म्हणालो.

"मशीन तरी तीनदा खरां बोललां," ती म्हणाली. "तुमी घराक येऊन एकदा तरी बोललात?"