धोंडजीच्या आधीचं गाव

मी सिंगापूरला निघालो त्या सकाळी आमच्या दारात जीप उभी होती आणि जीपला आडवा एक बैल. बैलावर हेळवी बसलेला. आमच्या सांगलीकडच्या शेतकरी घरांच्या पिढ्यान् पिढ्या या मंडळींना तोंडपाठ असतात. वर्षा-दोन वर्षांनी दारात येतात, बैलावरून न उतरता घराण्याची नावं म्हणतात आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जातात. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मी घड्याळ दाखवत होतो, आणि माझे वडील, आप्पा, म्हणाले, "विमान थांबंल. मूळपुरुष ऐकून जा."

विमान थांबणार नाही हे आप्पांना सांगायची कोणाची छाती? मी नव्या बुटांत, कडक इस्त्रीत अंगणात उभा राहून ऐकलं. दुष्काळात दोन बैल आणि एक बायको घेऊन धोंडजी आला (बैलांची नावं सांगतात, बायकोचं नाही), बाभळी तोडल्या, माळ फोडला, पहिला शाळू पेरला. मग त्याचा मुलगा, त्याचा मुलगा, असं करत करत माझं नाव आलं. आईने हेळव्याच्या झोळीत सूपभर शाळू ओतला आणि मी जीपमध्ये चढलो.

तिकडे गेलेल्यांनो, तुम्हाला ठाऊक आहे, परदेशात प्रत्येकाला काहीतरी करून दाखवावं लागतं. कोणी गाणं म्हणतं, कोणी पुरणपोळ्या करतं. क्लेमेंटीच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मला दोन्ही येत नव्हतं. माझ्याकडे धोंडजी होता. मराठी घरांतल्या जेवणावळींत मी सोफ्याच्या हातावर बैलावर बसल्यासारखी मांड ठोकायचो आणि हेळव्याच्या सुरात पिढ्या म्हणायचो. लोक टाळ्या वाजवायचे. दुसऱ्या वर्षी मी त्यात एक वाघ घातला. तिसऱ्या वर्षी धोंडजीने तो मारला.

एकदा ऑफिसच्या मंडळींबरोबर हॉकर सेंटरमध्ये जेवताना हाच प्रयोग केला. आमच्यात बार्बरा नावाची एक अमेरिकन बाई होती. तिचा कोणी पूर्वज फार आधी जहाजातून अमेरिकेत उतरला, जंगल तोडून मका पेरू लागला, आणि ही बाई दर सुट्टीत त्याचा माग काढत कबरस्तानं धुंडाळायची. बाकीचे वाघावर हसले. तिने विचारलं, "पण तुझा धोंडजी आला कुठून?"

इतकी वर्षं मी त्याला बाभळी तोडायला लावत होतो, पण हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

तोवर आप्पा गेले होते, शेत धाकटा भाऊ बाळू कसत होता, माझं लग्न होऊन आम्ही सिंगापूरमधल्याच पुंगोलच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो आणि आमचा मुलगा ईशान सात वर्षांचा झाला होता. डिसेंबरच्या सुट्टीत त्याला घेऊन मी गावी गेलो. धोंडजीचं मूळ विचारायचं होतंच, पण खरी हौस वेगळी होती. हेळव्याच्या तोंडून माझ्या नावापुढे ईशानचं नाव ऐकायचं होतं. निरोप धाडून मी हेळव्याला बोलावलं.

हेळवी तोच. बैल गेला होता. मोटारसायकल स्टँडवर लावून तिच्यावर मांडी घालून त्याने सुरुवात केली. आप्पांपर्यंत आला. मी ईशानला पुढे ढकललं. हेळवी म्हणाला, बाळू, मग बाळूची दोन पोरं, आणि थांबला.

"अहो, मधला एक गाळलात की!" मी हसून म्हणालो.

"गाळला न्हाई, मालक. चूल हलली की नाव थांबतं."

"कोणी सांगितलं?"

त्याने बाळूकडे पाहिलं.

"दादा, तू तिकडं कायमचं ऱ्हायचं पीआर का काय ते घेतलंस," बाळू म्हणाला. "उगं नाव ऱ्हायलं तर उद्या पोरं-पोरं वाटणीवरनं भांडतील."

"आणि धोंडजी? तो काय चूल न हलवता आला?"

हेळव्याला हा प्रश्न भलताच आवडला. "हलवूनच की! कृष्णेच्या पल्याडनं आला. त्याच्या थोरल्या भावाचा वंश हाय तिथं, तिथंबी मीच म्हणतो."

"मग तिथं धोंडजी येतो?"

"तिथं? छ्या! थोरल्यानं तवाच बंद केला. गेलेला माणूस त्यांच्यात घेत न्हाईत."

मी खिशात हात घातला. नोटा त्याने आदराने कपाळाला लावल्या. "ह्ये चहापाण्याला घेतो. नावाला दाणा लागतो, मालक. हितल्या चुलीचा."

"देतो. माझ्या नावाचा शाळू आज मी देतो."

"कुठला शाळू, दादा?" बाळूने विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारलं त्याने.

आई उठली. मला वाटलं, सूप आणायला. तिने एकदा बाळूकडे पाहिलं, आत गेली आणि आतून विचारलं, "तुला चहात साखर चालती का रं आता?"

मी तिच्यावर रागावलो नाही, असं लोकांना सांगतो. तिला रोजची भाकरी बाळूच्या घरात खायची आहे, हे मला कळतं. तरी तो चहा मी तसाच ठेवला.

"पप्पा, अंकल नेव्हर से माय नेम," ईशान म्हणाला.

बार्बराला पुढे तिचा शेतकरी सापडला. दगडावर नाव होतं. ती आनंदाने रडली. आम्ही जाळणारी माणसं, आमची तेवढीही सोय नाही. तिने धोंडजीचं विचारलं तेव्हा मी वाघाचीच गोष्ट पुन्हा सांगितली.

एका रविवारी पुंगोलच्या एलआरटी गाडीत ईशान म्हणाला, "पप्पा, यू से माय नेम." मी घसा साफ केला. आप्पांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. तिकडे मला थांबवतात काय, मग मीही थांबवतो! माझं नाव घेतलं, त्याच्या आईचं घेतलं, त्याचं घेतलं. संपलं. अजून पहिलं स्टेशनही आलं नव्हतं.

"सो शॉर्ट, ला," तो तिथल्या पोरांसारखा म्हणाला.

तेव्हापासून घर कुठं असं कोणी विचारलं, की मी पुंगोल म्हणतो. कोणी खोदून विचारलंच, की त्याआधीचं कुठलं, तर सांगतो, त्याआधीचं आमच्यात घेत नाहीत.