कुत्रीच्या पाठीवर दिलेला दाब

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलालाही नाही. विषय निघाला की मी दुसऱ्याच एखाद्या कुत्र्याची गोष्ट सांगायचो, बऱ्या झालेल्या.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून ड्रेसर म्हणून निवृत्त झाल्यावर मी संभाजीनगरात, पुंडलिकनगरला, एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे कामाला जायचो. कुत्र्या-मांजरांचे आखडलेले सांधे चोळायचे, लुळे पाय सायकल मारल्यासारखे फिरवायचे, टबातल्या कोमट पाण्यात चालवायचं, हे माझं काम. बाईंचा नियम एकच होता. एक्स-रे बघितल्याशिवाय कण्याला हात लावायचा नाही.

पण मी पायाळू. जन्मताना पाय आधी आलेला. गल्लीत कुणाच्या कमरेत उसण भरली की लहानपणापासून मलाच बोलावायचे. मी तीनदा पाय लावायचो आणि माणूस उठून चालू लागायचा. मणक्याचं मला उपजत कळतं, असं मी धरून चाललो होतो. हे बाईंना कधी बोललो नाही.

एका सकाळी देवगाव रंगारीकडचे मेंढपाळ नवरा-बायको मोटारसायकलवर आले. त्यातल्या बाईनं कुत्रीला लुगड्याच्या झोळीत पोटाशी बांधून आणलं होतं, कोकरू आणतात तसं. कुत्रीचे मागचे पाय लटपटत होते, पण ती चालत होती. शेपूट हलवत होती.

"लई हुशार हाय," बाई म्हणाली. "लांडगा आला तर ह्यांच्या आधी उठती."

"माझ्या आधी कोंबडं बी उठतंय," नवरा म्हणाला. "तिचं काय कौतुक."

डॉक्टरीणबाई दुपारी येणार होत्या. थांबा, एवढंच म्हणायचं होतं. मी कुत्रीला चटईवर आडवं केलं. कमरेजवळ एक मणका बोटांना वेगळा लागला. दोन्ही अंगठे टेकवले आणि दाब दिला. कट्ट असा आवाज आला. कुत्री एकदाच केकाटली.

"बसला बघा," मी म्हणालो.

उभी केली तर मागचा भाग तसाच खाली गेला. पायाच्या बोटांना चिमटा काढला. तिनं वळूनही बघितलं नाही. शेपूट चटईवर पडून राहिली.

"आता काय झालं ओ?" बाईनं विचारलं.

मी झोळीकडं बघितलं. "असं बांधून आणतात का, ताई? वाटेतच सरकला मणका."

डॉक्टरीणबाई आल्यावर त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी एक्स-रे काढला. ऑपरेशन करूनही पाय येतील याची खात्री नाही म्हणाल्या, व्यायाम लिहून दिले. ते मी त्या बाईला शिकवले. तिचे हात माझ्यापेक्षा हलके होते.

दर आठवड्याला ते यायचे. नवरा चेष्टा करायचा, "कोकरू समजून बांधली हिनं. उद्या मला बांधील." ती हसायची नाही. मला म्हणायची, "माझ्याच हातानं झालं, डागदर." मी म्हणायचो, "पाय जरा वरून धरा." काही महिन्यांनी ते यायचे बंद झाले.

पुढं वेरूळला एका लग्नाला गेलो होतो. तिथून देवगावला गेलो, खरं सांगून टाकायचं ठरवून. ती बाई घरी होती. कुत्री मेली होती. अंगणात कोकरं होती, आणि सून एक कोकरू झोळीत बांधत होती.

"मी आता बांधत नाय," ती म्हणाली. "माझा हात वाईट हाय."

सून म्हणाली, "मी रानात जाताना पोरालाबी हातात घेत नाहीत, भाऊ. सांगा की तुमी तरी."

मी चहा घेतला. बशी खाली ठेवली. "दूध शेळीचं का?" असं विचारलं.

"व्हय," ती म्हणाली.

मी उठलो आणि एसटी पकडली.

मागच्या उन्हाळ्यात ती वारल्याचं कळलं. कुत्री तिनंच अधू केली, असं तिच्या घरी अजूनही बोलत असतील. म्हणून लिहितो आहे. त्या दिवशी तिच्या अंगणात मला एवढंच म्हणायचं होतं: ताई, तुमच्या हातानं काही झालं नाही. दाब मी दिला आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा.