गोळा ढकलून मागे वळणे

सदर व्यक्ती: स्त्री, वय सत्तावन्न. हुद्दा: सहाय्यक ग्रंथपाल, कायम. कर्तव्ये: वाचकांस मागणीनुसार पुस्तके काढून देणे, परत आलेली पुस्तके विनाविलंब जागेवर लावणे, शांतता राखणे. क्रीडाविषयक पात्रता: निरंक.

ही नोंद बदलायचं त्यांच्या नणंदेने मनावर घेतलं. नणंद निवृत्त क्रीडाशिक्षिका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आवाज मात्र शाबूत. पन्नाशीपुढच्या बायकांची गोळाफेक स्पर्धा आहे म्हणताच तिने भावजयीचं नाव परस्पर देऊन टाकलं.

सराव ग्रंथालयाच्या मागे, सायकली लावतात त्या अंगणात.

"तळहातात दाबू नकोस, वहिनी. बोटांच्या मुळाशी ठेव. आता मानेला टेकव, हनुवटीखाली. कोपर वर."

"वन्सं, थंड लागतोय हो."

"लागू दे. थंड लागतोय म्हणजे जागेवर आहे."

नावात फेक असली तरी यात फेकायचं काही नसतं, ढकलायचं असतं, हे वहिनींना नव्याने कळलं. आणि तेही आधी पायांनी, मग कमरेने. "मग हाताला काम काय?" त्यांनी विचारलं. "हात नुसता निरोप पोचवतो," नणंद म्हणाली. घरी यजमानांनी हे ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून वाद घालताना ते टेबलाच्या पलीकडे बसू लागले.

गोळा एकच होता. नणंदेला वाकता येत नव्हतं. त्यामुळे वहिनी गोळा ढकलत, तरातरा पुढे जात, तो उचलत, पदराने पुसत आणि परत येत. असा सगळा उन्हाळा गेला. गोळा दर आठवड्याला थोडा लांब पडू लागला. नणंद खूष, वहिनी त्याहून खूष. ग्रंथालयात त्यांनी हळू आवाजात, पण एकूण एक वाचकाला स्पर्धेची तारीख सांगून ठेवली.

स्पर्धेच्या दिवशी वहिनी वर्तुळात उभ्या राहिल्या. पुढच्या कडेला लाकडी फळी, पलीकडे मैदान. गुडघा वाकला, कंबर वळली, हाताने निरोप पोचवला. गोळा झकास गेला. वहिनी फळी ओलांडून त्याच्या मागोमाग गेल्या आणि उचलून घेऊन आल्या.

पंचांनी लाल निशाण वर केलं. "बाई, पुढून बाहेर पडायचं नसतं. गोळा पडला की वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून निघायचं. तो आणायला आमचा माणूस आहे."

दुसऱ्या खेपेला हे वहिनींच्या पक्कं लक्षात होतं. गोळा जमिनीवर आपटेपर्यंत होतं. मग पुन्हा लाल निशाण.

"अगं, पळून जाणार आहे का तो?" नणंद कळवळली.

"पडलेलं दिसलं की पाय आपोआप जातात, वन्सं. तीनपैकी आता एकच खेप राहिली ना? तीही बाद झाली तर निकालात माझ्या नावापुढे नुसती रेघ. सोमवारी काउंटरवर कोणत्या तोंडाने बसू?"

नणंदेने बोटांवर मोजलं. पाय शिकवले, कंबर शिकवली, कोपर शिकवलं. गोळा सुटल्यावर काय करायचं हे शिकवायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सरावात ते सोयीचंही नव्हतं. ती लंगडत वर्तुळाच्या मागे, दोरीपाशी जाऊन उभी राहिली.

वहिनींनी गोळा मानेला टेकवला. या वेळी पायांत असा जोर आला की तोंडातून हुंकार निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चारचौघांत एवढा आवाज केला. गोळा आधीच्या दोन्ही खेपांहून पुढे पडला. वहिनींनी फळी ओलांडायला पाऊल उचललं.

तेवढ्यात मागून, अगदी दबक्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "बाई, एक पुस्तक बदलायचं होतं."

"आले हं," वहिनी म्हणाल्या, वळल्या आणि मागच्या अंगाने शिस्तीत बाहेर आल्या. समोर दोरीला धरून नणंद उभी होती. तिच्या हातात पुस्तक नव्हतं.

पांढरं निशाण वर गेलं. अंतर मोजलं गेलं, नावापुढे लिहिलं गेलं, पाच जणींत तिसरा क्रमांक आला.

सोमवारी वहिनींचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वरच्या फळ्यांवरची पुस्तकं वाचकांनी आपापली काढून घेतली.