तागाचं शेत आणि कुमैत घोडी

जळगावला गाडी बदलली, अमळनेर मागे पडलं आणि डब्यातल्या बोलण्याचा सूरच पालटला. नाशकात मुलींच्या शाळेत वर्षभर जी मराठी मी फळ्यावर लिहिते, ती इथे कचेरीपुरतीच. समोरच्या बाकावर एक म्हातारी बोरांची टोपली घेऊन बसली होती. मूठभर बोरं माझ्या ओच्यात टाकून तिने विचारलं, "कथा जाई ऱ्हायनी, माय?" (कुठे निघालीस, बाई?)

"नंदुरबारला. कोरीटला माझी बहीण असते."

"मंग सारंगखेडानी जत्रा देखीसनच जाय," (मग सारंगखेड्याची जत्रा पाहूनच जा) ती म्हणाली. "तठे घोडा येतस, घोडा!"

मी निघाले होते ती जत्रेलाच, पण हौसेने नव्हे. ताईचा निरोप आला होता की दाजींना जत्रेत एका माणसाची क्षमा मागायची आहे आणि तू सोबत असलीस तर बरं होईल. कोणाची आणि कशाबद्दल, ते तिने कळवलं नव्हतं. माझे दाजी कोरीटचे मोठे शेतकरी. गावात त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी आजवर कुणाची क्षमा मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

स्टेशनवर ते स्वतः गाडी जुंपून आले होते. एरवी रस्ताभर गमती सांगणारा हा माणूस या खेपेला नुसतं "बस" म्हणाला आणि बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिला. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती. दादर (इकडची रब्बीची ज्वारी) हिरवीगार, कमरेएवढी उभी होती. मध्येच एका शेतात ताग बियाण्यासाठी राखलेला होता, वाळून करडा झालेला. वारा आला की त्याच्या फुगीर शेंगांतलं बी खुळखुळ वाजे. तो आवाज कानावर पडताच दाजींनी बैलांना उगाचच हाकललं.

मला मात्र तो ताग पाहून बरं वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मी आले, तेव्हा दाजींच्या शेतात असाच ताग होता आणि तो फुलला होता. सारं शेत पिवळं. वाटाण्याच्या, वालाच्या, हादग्याच्या फुलाला असते तशीच याच्या फुलाला एक मोठी पाकळी, दोन पंख आणि खाली होडीसारखा भाग. ही सगळी एकाच कुळातली. बांधावर उगवणारा रानटी खुळखुळा तर तागाचा सख्खा भाऊच. मी तागाची फुलं केसांत माळली तेव्हा ताई खोखो हसली होती. "अगं, ताग कुणी माळतं का? त्याचे दोर वळतात!"

या खेपेला पोचले त्या संध्याकाळी ताई कपाशीच्या पऱ्हाट्यांवर (वाळलेल्या काड्यांवर) भरताची वांगी भाजत होती. पाटावर बसून मी कांद्याची पात निवडत होते. दाजी ओट्यावर होते. गोठ्याच्या एका कोपऱ्यात दोन रिकामे खुंट दिसले, म्हणून मी विचारलं, "घोडी कुठे आहे? मागे पत्रात लिहिलं होतंस ना, दाजींनी घोडी घेतली म्हणून?"

ताईने वांगं उलटवलं. मग हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

मी तागाची फुलं माळून गेले, त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात दाजींनी सारंगखेड्याहून एक कुमैत (तांबूस काळसर) घोडी आणली. ती त्यांनी घेतली हमीरभाईकडून. हा काठेवाडचा घोडेवाला, दाजींच्या वडिलांच्या वेळेपासून जत्रेत येणारा. उन्हाळा लागला तशी घोडी वाळत गेली. सारखी जांभया देई. उभ्याउभ्या झोपे. पुढे तर ती चालतच सुटली. भिंत आली तरी थांबेना, भिंतीला डोकं लावून पाय चालवत राही. गावात कुणी म्हणालं बाधा आहे, कुणी म्हणालं पिसाळली आहे, चावली तर माणसं मरतील. दाजींनी तिचा दोर सोडला आणि तिला गावाबाहेर हाकलून दिलं. ती नाल्यात मेली.

दाजींची खात्री झाली की हमीरभाईने अफू चारून आजारी घोडी गळ्यात मारली. पुढच्या जत्रेत, म्हणजे गेल्या वर्षी, त्यांनी भर बाजारात त्याला तसं सुनावलं. शे-दोनशे माणसं जमली. हमीरभाई डोक्यावर हात ठेवून शपथ घेत होता, पण दाजींसारख्या माणसाचा शब्द लोकांनी खरा मानला. त्या जत्रेत त्याचा एकही घोडा विकला गेला नाही.

"आणि मग?"

"मग यंदाच्या पावसाळ्यात गोठ्यातलं शिंगरू तसंच चालत सुटलं. गावातल्याच एका घोडीचं, इथेच जन्मलेलं, हमीरभाईचा त्याला वारासुद्धा लागलेला नाही." ताईने डोळे पुसले. धुराने असतील. "धुळ्याचे ढोरांचे डॉक्टर आले. त्यांनी मेलेलं शिंगरू फाडून पाहिलं. काळीज (यकृत) दगडासारखं. मग गव्हाणीत हात घातला, तर हातात तागाचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आलं, शेंगा आणि बियांसकट. ते म्हणाले, ताग घोड्याला विष आहे. बैलांना थोडंफार चालून जातं, घोड्याला नाही."

ताग पुष्कळ झाला होता. कुटार फेकायचं कशाला, म्हणून दोन वर्षं ते जनावरांपुढे पडत होतं.

जेवताना दाजींनी भरीत-भाकरी खाली मान घालून खाल्ली आणि हात धुताना मला म्हणाले, "सांगितलं तुला तिनं?"

"हो."

"फेटा घेतला आहे त्याच्यासाठी. जरीचा." एवढंच बोलून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गाडीने निघालो. वाटेत एका ओढ्याला गावकरी सडलेला ताग धुऊन त्याची साल ओढत होते. घाण वास सुटला होता, पण ओल्या धाग्यांच्या लडी उन्हात चांदीसारख्या दिसत होत्या. तापीला पाणी उतरलं होतं, तरी मधल्या धारेत आमचं चाक वाळूत रुतलं. दाजी धोतर खोचून पाण्यात उतरले. पलीकडून आलेल्या दोघांनी खांदा दिला आणि त्यातला एक दाजींना ओळखून म्हणाला, "काय आप्पा, औंदा बी घोडा लेवाना का?" (यंदाही घोडा घ्यायचा का?) दाजींनी ऐकलं न ऐकलंसं केलं. ताई फेट्याचं गाठोडं डोक्यावर धरून बसली होती. ते तेवढं कोरडं राहिलं.

सारंगखेड्याला पोचलो तेव्हा दत्ताच्या देवळापुढे रांग लागली होती. आम्ही दर्शन घेतलं आणि नदीकाठच्या बाजाराकडे वळलो. इतके घोडे मी एका जागी कधी पाहिले नव्हते. पांढरे, काळे, अबलख. कुणाच्या कपाळावर गोंडे, कुणाच्या पायांत घुंगरू. एक तरुण घोडा दोन पायांवर नाचवला जात होता आणि शहाद्याकडचे पाटील त्याच्या दातांवरून वाद घालत होते. एका बाजूला दोरांची दुकानं होती. दावी, लगामाचे दोर, मागचे पाय बांधायच्या पछाड्या, सगळं तागाचं. दाजींनी तिकडे पाहिलं आणि नजर वळवली.

हमीरभाईची ठरलेली जागा एका बाभळीखाली होती. तिथे दुसराच कुणी उतरला होता. बाजूच्या चहावाल्याने सांगितलं, "हमीरभाई? त्याचा बाजार मोडला ना. इथली बोंब त्याच्या आधीच पुढच्या बाजारांत पोचली. घोडे विकून टाकले त्याने, मिळेल त्याला. आता त्या पांढऱ्या तंबूवाल्या मालकाकडे चाकरीला आहे."

तंबूमागे एक उंच, वाळका म्हातारा एका घोड्याला खरारा करत होता. दाजी त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. म्हातारा स्वतःच वळला.

"आप्पा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. ओळखही बेताचीच होती.

दाजींनी हात जोडले. त्यांनी सगळं सांगितलं. ताग, शिंगरू, डॉक्टर, काहीच लपवलं नाही. हमीरभाईचा हात घोड्याच्या पाठीवर तसाच थांबला होता. ऐकून झाल्यावर त्याने फक्त मान हलवली, "ताग. हां."

"मी हे सगळ्यांपुढे सांगतो," दाजी म्हणाले. "जिथे बोललो होतो तिथेच."

"राहू दे, आप्पा."

पण दाजी ऐकणार नव्हते. त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याला बाभळीपाशी नेलं. तिथल्या एका दगडावर चढून ते ओरडले, "आयका हो, बठ्ठा आयका! हाऊ मानूस खरा शे! मागला साले आठे मी खोटं बोलनू!" (ऐका हो, सगळे ऐका! हा माणूस खरा आहे! गेल्या वर्षी इथे मी खोटं बोललो!)

गेल्या वर्षी याच जागी शे-दोनशे माणसं जमली होती. आज चारपाच थबकली. त्यांतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहून खांदे उडवले आणि ते पुढे गेले. एका शेतकऱ्याने जवळ येऊन विचारलं, "भाऊ, कोनता घोडा इकी ऱ्हायनात?" (कोणता घोडा विकताय?) दाजींनी पुन्हा सांगायला सुरुवात केली. शेतकऱ्याने अर्धं ऐकलं आणि शेजारच्या घोड्याचे पाय तपासू लागला.

"बसा, आप्पा," हमीरभाई म्हणाला. "घसा बसेल तुमचा." त्यानेच दाजींना दगडावरून उतरवलं, त्यानेच चहा सांगितला.

चहा पिताना दाजींनी फेट्याचं गाठोडं सोडलं आणि फेटा त्याच्यापुढे धरला. हमीरभाईने जरीवर बोट फिरवलं. "छान आहे. पण मी आता दुसऱ्याच्या घोड्यांना पाणी पाजतो. हा बांधून कुठं जाऊ?" त्याने घडी नीट केली आणि फेटा परत दाजींच्या मांडीवर ठेवला. मग विचारलं, "तिचं नाव तुमी काय ठेवलं?"

"राणी."

"जमना होतं. माझ्या हातात जन्मली. ती पडली तवा कोण होतं तिच्याकने?"

गावाबाहेर हाकललेल्या घोडीपाशी कोण असणार? दाजींनी मान खाली घातली. मला वाटलं, हा एवढा एक प्रश्न त्याने विचारायला नको होता.

"मी होते," ताई म्हणाली.

दाजींनी मान वर केली.

"हे शेतावर गेले की मी घागर घेऊन नाल्यावर जायची," ताई हमीरभाईकडे बघत बोलत होती, नवऱ्याकडे नाही. "ती पाणी प्यायची नाही. तोंड बुडवून नुसती उभी राहायची. मी ओल्या फडक्याने तिचे डोळे पुसायची, माश्या बसायच्या म्हणून. शेवटी ती खाली बसली. मान माझ्या मांडीवर टाकली. मी उठले नाही तिचं सगळं होईपर्यंत."

हमीरभाईने पेला खाली ठेवला. दाजींनी हात जोडले तेव्हा त्याने नुसती मान हलवली होती. आता तो उठला, ताईपुढे वाकला आणि दोन्ही हात कपाळाला लावून म्हणाला, "बेन." (बहिणी.) तंबूकडून मालकाची हाक आली आणि तो खरारा उचलून गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर जत्रेतून घेतलेल्या जिलब्या तशाच राहिल्या. तापी उतरताना या खेपेला चाक रुतलं नाही. पलीकडे आल्यावर दाजींनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," ताई म्हणाली.

ते गाडीतून खाली उतरले. कोरीट येईपर्यंत ते बैलांबरोबर पायी चालत राहिले.

माझी सुट्टी संपली. दाजी मला स्टेशनवर सोडायला आले. माझी वळकटी डब्यात ठेवली, सुरईत पाणी भरून आणलं आणि मग खिडकीचे गज धरून उभे राहिले. गाडीला शिटी झाली तेव्हा त्यांनी घाईने विचारलं, "त्यानं मला माफ केलं असेल ना गं?"

"हो, दाजी," मी म्हणाले.

गाडी हलली. ते फलाटावर माझ्याकडे बघत होते, आणि मला कळत होतं की माझं 'हो' त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. ते पाहुणीने यजमानाला दिलेलं उत्तर होतं. हमीरभाईने माफ केलं नाही असं म्हणायलाही जागा नव्हती. त्याने चहा दिला, दगडावरून उतरवलं, घसा बसेल म्हणाला. पण घोडे त्याचे परत आले नाहीत, जमना आली नाही. चुकून झालेल्या गोष्टीची भरपाई करायला माणूस इतक्या लांब नदी ओलांडून जातो आणि तिथे त्याला कळतं की भरून निघण्यासारखं त्यातलं आता फार थोडं उरलं आहे. मी खिडकी लावून घेतली. अमळनेरपर्यंत तागाची शेतं लागतात.