औषध कुठल्या पिंजऱ्यात

ताई प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करते. तिच्या धाकट्या भावाच्या मेंदूत जंतांच्या गाठी आहेत आणि त्याला आकड्या येतात. इथल्या उंदरांमध्येही तसाच आजार घडवलाय. अर्ध्या पिंजऱ्यांत नवं औषध चालू आहे; कुठल्या, ते ताईला मुद्दाम सांगितलेलं नाही. कुठल्या उंदराला आकडी येते, ते ताईने टिपायचं.

"औषध कुठे पाजतोय, सांगू का?" सोबतचा मदतनीस कुजबुजला. "भावासाठी तरी विचार की!"

"गप रे, आगाऊ! कळलं तर तिथले उंदीर मला उगाच बरे दिसायला लागतील. मग गुण नसलेलं औषध भावाला देऊ?"

तेवढ्यात समोरचा उंदीर आडवा पडून थरथरू लागला. ताईने आकडी टिपली आणि पुढच्या पिंजऱ्याशी वाकली.